थांबाआक्का

आक्काला काही विचारलं की उत्तर लगेच मिळायचं नाही. मीठ कुठं ठेवलंय, उद्या शाळा आहे का, असल्या साध्या प्रश्नालाही ती आधी म्हणायची, "थांबा, बोलतो." मग नजर खाली जायची, ओठ बारीकसे हलायचे, आणि तव्यावरच्या भाकरीची एक बाजू भाजून होईल एवढ्या वेळानं उत्तर यायचं. आमच्याकडच्या बायका 'जातो, येतो, बोलतो' असंच म्हणतात, तेव्हा त्या 'बोलतो'चं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते थांबण्याचं. नवख्या माणसाला वाटायचं बाई बहिरी आहे, आणि थोड्या ओळखीच्या माणसाला वाटायचं शिष्ट आहे. निपाणीच्या बाजारातल्या भाजीवाल्यांनी तिचं नावच थांबाआक्का पाडलं होतं. ते तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. त्या मधल्या वेळात ती मनातल्या मनात एक छोटी प्रार्थना म्हणते, तोंडाला राखण ठेव अशी, हे मला पुष्कळ दिवसांनी समजलं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षी मी निपाणीच्या मिशनशाळेत मास्तरीण म्हणून आले. वय एकोणीस. आमचं घर सांबऱ्याजवळच्या एका खेड्यात. आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं, शेतीवाडी होती तशीच राहिलेली. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझं लग्न काढलं होतं आणि मला तर मास्तरीण व्हायचं होतं. मला बघायला आलेले पाहुणे पुढच्या सोप्यात बसलेले असताना मी बाहेर येऊन आप्पांना म्हणाले की बैल दाखवतात तशी मला दाखवायची असेल तर आधी दावं तरी बांधा. पाहुणे उठून गेले. मी बेळगावला ट्रेनिंगला निघून गेले, आणि तिथून नोकरीवर. दोन वर्षं आप्पांची पत्रं येत होती आणि मी उत्तर देत नव्हते. नाव माझं शांता. स्वभाव हा असा.

राहायला मला आक्काच्या दोन खोल्यांतली एक मिळाली. आक्का शाळेत झाडलोट करायची, पाणी भरायची, लहान मुलींच्या वेण्या घालायची. खरं नाव मार्था. माहेर आणि सासर दोन्ही बेळगावजवळच्या वडगावच्या विणकर गल्लीतलं, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पन्नाशीला आलेली, काटक, पिंजारल्या कापसासारखे केस. मी आधी तिला अहोजाहो करत होते. आठ दिवसांनी ती म्हणाली की मी काय सरकार आहे काय, तू म्हण. तेव्हापासून ती माझी आक्का झाली.

तंबाखूच्या हंगामात वखारींमधून असा खाट, नाकात झोंबणारा वास, उठायचा की सगळं गाव शिंकत असायचं. त्या खाटातच आक्काचे शुक्रवारचे उपास चालायचे. सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही, आणि दिवेलागणीला भाकरी. एका शुक्रवारी दुपारी दुसरीतल्या एका मुलीच्या हातून पाण्याची घागर फुटली. आक्काच्या तोंडून एकदम निघून गेलं, "डोळं हायती का बटनं?" त्या दिवशी थांबणं साधलं नाही. मुलगी रडत पळाली. आक्का घरात गेली, शिंक्यावरची भाकरी काढली आणि भर दुपारी चटणीशी खायला बसली. मी चकित होऊन उपासाचं विचारलं तेव्हा म्हणाली, "उपासानं जिभंला धार यायली असंल तर भाकरी खाल्ल्याली बरी. देवाला माझं रिकामं पोट घिऊन काय करायचंय?" अर्धी भाकरी तिनं हातात घेतली, शाळेत गेली, त्या मुलीपुढं बसली आणि चुकलं म्हणाली. मोठ्या बाईनं आपली माफी मागितलेली बघून ती पोर घाबरून आणखी रडायला लागली. शेवटी दोघींनी मिळून ती भाकरी संपवली.

शेजारी एक म्हाताऱ्या काकू एकट्या राहत होत्या. बाटलेली माणसं म्हणून त्या आक्काला ओट्यावर पाय ठेवू देत नसत, आणि तसं मोठ्यानं सांगायलाही कमी करत नसत. गुडघ्यांनी त्या अधू झाल्या होत्या. तरी रोज सकाळी त्यांच्या परसदारी फोडलेली लाकडं रचून ठेवलेली असायची. पुतण्या येऊन ठेवून जातो असं त्या कौतुकानं सगळ्यांना सांगायच्या. एकदा पहाटे मी लवकर उठले आणि आक्काला कुऱ्हाड घेऊन तिकडून येताना बघितलं. मी तोंड उघडणार तोच तिनं हात वर केला. "इचारू नगो. इचारलीस तर खरं सांगावं लागंल. मग त्यातलं गोड समदं माझ्याच तोंडात." मी विचारलं नाही. काकू अगदी मरेपर्यंत पुतण्याला दुवा देत होत्या.

दिवेलागणीला कंदील लावून झाला की आक्का उंबऱ्यावर बसायची. पदर डोक्यावर, हात मांडीवर. दिवसभरात भेटलेलं एकेक माणूस डोळ्यांपुढं आणायची, दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत, आणि प्रत्येकापाशी स्वतःला विचारायची की याला माझ्याकडून लागलं का. लागलं असं वाटलं तर जेवायच्या आधी उठून त्याच्या घरी जायची. एका वखारीच्या मुकादमाकडे तर ती आठवड्यात दोनदा गेली. तो बिचारा इतका ओशाळला की पुढं ती दिसली की गल्ली बदलायचा. तिला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नीट वाचता यायचं नाही. अक्षरं तिनं चाळिशीजवळ शाळेतल्या मुलींच्या मागं बसून गिरवली होती. पण आठवड्याला एक वचन ती पाठ करायची आणि सातही दिवस तेवढंच चघळायची. सगळं पाठ का करत नाही असं मी एकदा शहाणपणानं विचारलं. ती म्हणाली की एक तरी अंगी लागू दे.

हे सगळं कशासाठी, असं मी पहिल्या वर्षी पुष्कळदा विचारलं. मला वाटायचं ही फार पुण्यवान बाई आहे. पुण्यवान म्हटलं की ती चिडायची. "वळण लावून घ्यायलोय," एवढंच म्हणायची. "मागावर धागा तुटला की थितंच थांबून सांधायचा असतोय. म्होरं विणत गेलं की अख्खं लुगडं डागी."

आप्पांचं पत्र आलं की ती ते माझ्या पुस्तकांवर ठेवायची आणि पत्र आलंय म्हणून सांगायची. उपदेश नाही. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी असंच एक पत्र न फोडता पेटीत टाकलं, तेव्हा तिनं मला उंबऱ्यावर आपल्याजवळ बसवलं आणि राहेलची गोष्ट सांगितली.

राहेल तिची धाकटी बहीण. आई लवकर गेल्यानं आक्कानंच वाढवलेली, तिच्याच शेजारच्या मागावर विणणारी. त्या दिवसांत गल्लीत आक्काच्या जिभेला माणसं टरकून असायची. राहेलचं मन गल्लीतल्याच एका हिंदू विणकरावर बसलं. तिनं ते धीर करून आक्काला सांगितलं. आक्का रस्त्यावर आली आणि सगळ्या गल्लीदेखत धाकट्या बहिणीला नाही नाही ते बोलली. शेवटी तिला शाप दिला. "तुजी कूस भरायची न्हाय म्हणून बोललो," आक्का म्हणाली. "माज्या हातानं भरवल्यालं पोर ते." राहेल त्याच दिवशी त्या माणसाबरोबर निघून गेली. पहिली सात-आठ वर्षं आक्का आपलंच खरं म्हणत राहिली. मग एका उन्हाळ्यात राहेलचा माग मोडून विकताना तिला रडू फुटलं ते थांबेना. चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला सांगितलं की रडून माणूस बदलत नाही, रोज थोडं थोडं वळवावं लागतं. तेव्हापासून हे सुरू झालं. राहेलचा शोध मात्र लागला नव्हता.

तो लागला पुढच्याच हिवाळ्यात. वडगावचा एक भाऊबंद लुगडी घेऊन निपाणीला आला होता. त्यानं सांगितलं की राहेल इचलकरंजीला आहे, नवरा वारलाय, एक माग चालवून एकटी राहते. मला वाटलं आक्का त्याच पावली निघेल. ती आठ दिवस निघाली नाही. रोज उंबऱ्यावर बसत होती. मी न राहवून विचारलं तेव्हा म्हणाली, "तिला बगायला निगालोय का माजं मन हलकं कराया, त्ये कळंना झालंय." नवव्या दिवशी ती मला सोबत चल म्हणाली. कळलं का, असं मी विचारलं. दोन्ही आहे म्हणाली, पण आता जातो.

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार होती. चढ आला की सगळे उतरायचे. इचलकरंजीला पोचायला दुपार झाली. राहेलचं घर म्हणजे एक खोली, आणि खोलीभर माग. ती विणत होती. तोंडावळा अगदी आक्काचा, केस मात्र अजून काळे. तिनं आक्काला ओळखलं आणि पाय थांबवले नाहीत. खटखट चालूच राहिली. आक्का दारात उभी राहिली. बऱ्याच वेळानं माग थांबला.

राहेल शांतपणे बोलली, तेच ऐकायला जास्त अवघड होतं. पहिली मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. मुलगा वर्षाचा होऊन गेला. मग दिवसच राहिले नाहीत. "दोन्ही येळंला मला तुजं त्वांड दिसलं," ती म्हणाली. "मातीत ठिवताना तुजा आवाज ऐकू आला. खरं झालं न्हवं तुजं?"

माझ्या तोंडावर आलं होतं की शापानं मुलं मरत नाहीत, तापानं मरतात. हिनं इतकी वर्षं काय काय केलंय हे तुम्हाला माहीत नाही. आक्कानं माझा हात धरून मला गप्प केलं. नजर खाली गेली, ओठ हलले. मी तिला इतका वेळ थांबलेली कधी बघितली नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "मी बोललो. माफी मागाया आलोय. दे म्हणून न्हाय आलो."

राहेलनं तिच्याकडे बघितलं, आणि माग पुन्हा सुरू केला. आम्ही तासभर दारात होतो. पाणीसुद्धा मिळालं नाही. परतीच्या मोटारीत मी धुसफुसत होते. इतक्या वर्षांच्या उपासाचं आणि प्रार्थनेचं हे फळ का, असं मी काहीसं बोलले. आक्का खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत होती. कागल मागं पडलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटत हुतं, ती परत गावावी म्हणून जीभ घासायलोय. आता कळलं पोरी. ती गावली न्हाय तरी घासायची हाय."

त्या आठवड्यात मी पेटीतली पत्रं काढली, सगळी वाचली आणि आप्पांना लिहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले. आप्पा अंगणात दोर वळत होते. मी चुकले म्हणाले, आणि ते म्हणाले की तुझा दावा खरा होता, दावं बांधायचंच राहिलं होतं. मग दोघंही हसलो आणि रडलो. पुढच्या सगळ्या सुट्ट्या मी तिकडंच काढल्या. आप्पा मला आणखी चार वर्षं मिळाले. ते आक्कानं दिले असंच मी मानते.

आणि त्याच आक्काशी मी जे केलं ते आता सांगायला हवं.

शाळेत माझी एक मैत्रीण होती, कमळा नावाची. एका दुपारी आम्ही वह्या तपासत बसलो होतो. ती आक्काची चेष्टा करत होती, थांबण्याची नक्कल करत होती. मला राग आला. आक्का किती मोठी आहे हे तिला पटवावं म्हणून मी राहेलची सगळी गोष्ट सांगितली, शापासकट, दोन्ही मुलांसकट. सांगताना मला सांगण्याची गोडीही लागली होती, हे मी नाकारत नाही. पंधरा दिवसांत ती गोष्ट चर्चच्या मंडळीतल्या सगळ्या बायकांपर्यंत पोचली. एका रविवारी उपासना सुटल्यावर विहिरीपाशी एक बाई आक्काच्या तोंडावर म्हणाली की जिभेनं बहिणीची पोरं खाल्ली आणि आता उपास करतेय.

मी चार पावलांवर होते. आक्का थांबली, नेहमीसारखी. मग त्या बाईची भरलेली घागर तिनं उचलून तिच्या डोक्यावर दिली आणि घरी आली. गोष्ट निपाणीत मुळात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती. त्या संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसली तेव्हा मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून वाट बघत होते, आता विचारेल, आता बोलावेल. तिनं विचारलं नाही. जेवताना मला वाटीभर ताक जास्त वाढलं.

सांगायचं मी रोज ठरवत होते. आज नको, उद्या. परीक्षा होऊ देत. नाताळ होऊ दे. दोन वर्षं गेली. बेळगावच्या शाळेतल्या एका मास्तरांशी माझं लग्न ठरलं, या वेळी मी हो म्हटलेलं, आणि निपाणी सोडायचा दिवस आला. आक्का मोटार अड्ड्यावर पोचवायला आली. माझी ट्रंक वर चढवून झाली तेव्हा ती गर्दीत माझ्यापुढं उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "इतक्या वर्सात माज्याकडनं कायबाय लागलं असंल. माफ कर, शांता."

आणि ती थांबली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. ती वाट बघत होती. आज मला स्वच्छ कळतं की ती माझ्यासाठी वाट बघत होती. मी म्हणाले, "आक्का, असं काय बोलतीस गं," आणि हसून मोटारीत चढले. मोटार निघाली. धुळीत ती हात जोडूनच उभी होती.

पत्रं मी लिहीत राहिले. बेळगावात शहापूरला घर मिळालं, यांना खोकला झाला होता, पुदिना लावलाय. ते एक सोडून सगळं लिहिलं. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, दिवाळीच्या आधी, पाळकबाईंचं कार्ड आलं. आक्का चार दिवसांच्या तापानं गेली होती. माती होऊनही आठवडा झाला होता. मी बाळंतीण होते. जाता आलं नाही.

डिसेंबरात एका सकाळी राहेल माझ्या दारात उभी राहिली. मला क्षणभर आक्काच वाटली आणि हातातलं सूप खाली पडलं. ती वडगावला भाऊबंदांकडे आली होती. आक्कानं पत्ता दिला होता म्हणाली. मी तिला आत घेतलं, चहा ठेवला. तिनं न विचारता सांगितलं की आक्का दर उन्हाळ्यात इचलकरंजीला जात होती. पहिल्या वर्षी हिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्षी दार उघडं ठेवून उंबऱ्यावर बसू दिलं. तिसऱ्या वर्षी आक्का आत येऊन मागाच्या कांड्या भरायला, त्यांवर सूत गुंडाळून द्यायला लागली. "माफ केलं म्हणून मी म्हणालो न्हाय कदी," राहेल म्हणाली. "खरं कांड्या चांगल्या भरायची."

मग तिनं निरोप सांगितला. आक्का मागच्या उन्हाळ्यात म्हणाली होती, शांताला भेटलीस तर सांग, तिला माझ्यापाशी जे बोलायचंय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तिनं जिवाला लावून घेऊ नये.

"काय हुतं त्ये?" राहेलनं विचारलं.

तिला काहीच माहीत नव्हतं. काही नाही म्हणून भागलं असतं. पाळण्यात मूल कुरकुरत होतं, त्याला बघायला उठता आलं असतं. मी उठले नाही. जे आक्काला सांगायचं होतं ते सगळं तिच्या बहिणीला सांगितलं, कारण गोष्ट मुळात तिची होती, मुलं तिची होती. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी वर्षं मी ते मोठं समजत होते.

राहेल कपाकडे बघत बसली होती. "माजी पोरं बाजारात मांडलीस व्हय," ती म्हणाली. चहा तसाच ठेवून ती उठली, पाळण्यापाशी एकदा थांबली आणि निघून गेली.

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मी मूल कडेवर घेऊन इचलकरंजीला गेले. राहेलनं मला दुरूनच बघितलं आणि दार लावून घेतलं. आत माग चालू होता. मी उंबऱ्यावर बसले. ऊन पायांवर आलं होतं, समोरच्या घरातली बाई येऊन पाणी देऊन गेली. तेव्हा मला आक्काची इतकी आठवण आली की मूल खाली ठेवून मी तोंडावर पदर घेतला. पहिल्या उन्हाळ्यात ती इथंच बसली असणार, एकटी. मी त्या वेळी आप्पांच्या अंगणात आंबे खात होते. सुट्टी संपवून निपाणीला परत आले तेव्हा तिचा चेहरा उन्हानं रापला होता. मी तो बघितला होता. आक्का, तू कुठं गेलतीस, एवढंसुद्धा मी तिला विचारलं नव्हतं.